पोटमाळ्यावरची अंडी

मरोळच्या आमच्या बैठ्या चाळीत शेवटची खोली आमची होती, म्हणून तिला मागीलदार होतं. मागीलदार म्हणजे फार काही नाही. एक शेवग्याचं झाड, कपडे धुवायचा दगड आणि कुंपणापलीकडे औद्योगिक वसाहतीची भिंत. पण सासूबाईंचा जीव त्या तुकड्यात होता. संपानंतर नवऱ्याची गिरणीतली नोकरी सुटली आणि लालबागची खोली सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा त्या पहिल्यांदा मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हय कोंबडी ऱ्हवतली." मालवण सोडून त्यांना तीस वर्षं झाली असतील, पण बोलणं तिथलंच राहिलं होतं.

कोंबड्या आल्या. पुढे शेजारच्या गावठाणातली एक म्हातारी घर विकून वसईला लेकीकडे जायला निघाली, तेव्हा तिने आपली बदकं आमच्याकडे आणून सोडली. तीन माद्या आणि एक नर. नर ओळखायचा शेपटावरच्या वळलेल्या पिसावरून, हे तिनेच दाखवलं. जाताना तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. "अंडं फोडलं की पिवळ्यावर बघायचं. पांढरा ठिपका नुसताच असला तर खायचं अंडं. ठिपक्याभोवती कडं दिसलं, बांगडीसारखं, तर त्यात पिल्लू धरलंय समज." सासूबाई तेव्हा बदकांच्या पायांना माती लागलीय का ते बघत होत्या. त्यांनी हे ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. हे आधीच सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

बदकं रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, नीट बसत नाहीत, अंडं घालून निघून जातात. म्हणून सासूबाईंनी बसायची ओढ लागलेल्या खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली. टोपलीत गवत, त्यावर अंडी, त्यावर कोंबडी. पहिल्या वेळी सगळ्या टोपलीतून एकच अंडं टिचलं आणि आतलं पिल्लू बाहेर यायच्या आधीच मेलं. बाकीची तशीच राहिली. काय चुकलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण सासूबाईंना लगेच आठवलं की मध्ये एकदा, विमान फार खालून गेलं आणि कोंबडी बिथरून उठली, तेव्हा तिला उचलून परत टोपलीत ठेवणारी मी होते.

"तू हात लावलंस मां तिका?"

"आई, ती टोपलीबाहेर आली होती. अंडी गार पडली असती."

"हां," एवढंच म्हणाल्या. पण त्यांचं 'हां' कसं असायचं ते त्या घरात राहिलेल्यालाच कळेल. त्यात पुढचं सगळं वाक्य असायचं.

त्या दिवसापासून मला मागे जायला कारण लागायला लागलं. कपडे वाळत घालायचे असतील तर त्या आधी टोपलीवर पोतं टाकायच्या. मी कामावरून यायच्या वेळेला कोंबड्यांना आत कोंडलेलं असायचं. मी वसाहतीतल्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांवर लेबलं लावायचे. घरी यायचे तेव्हा दाराशीच मोहरी जळल्याचा वास यायचा. घरात कोणी आजारी नव्हतं. दृष्ट मग कोणाची काढली? एकदा टोपली बाजूला सरकवली तेव्हा खाली सुकलेलं लिंबू सापडलं. मी ते जिथे होतं तिथेच ठेवलं. पण रात्री नवऱ्याला सांगितलं.

"आई कोंबडीची दृष्ट काढतात. माझी लागली म्हणून."

"तू पण ना यार," तो म्हणाला. "गावचे लोक असंच करतात. कावळ्याची पण काढतात."

"कावळ्यावर पोतं टाकत नाहीत."

तो हसला आणि कूस बदलून झोपला. त्याचं असंच होतं. आई आणि मी यांच्यामध्ये काही आलं की तो त्याच्या खालून वाकून पलीकडे जायचा.

मग मीही बघायला लागले. संशय एका बाजूने राहत नाही. सासूबाईंची एक मावसबहीण कुर्ल्याहून अधूनमधून यायची. दोघी मागीलदारी दगडावर बसून बोलायच्या, आणि मी चहा घेऊन गेले की बोलणं भाज्यांच्या भावावर यायचं. एकदा मी चहा न घेताच, अनवाणी, दारापर्यंत गेले. मावसबहीण म्हणत होती, "... घर चांगला आसा, पोरगी काळी, पण आंगान बरी." मला बघताच दोघी शेवग्याच्या शेंगांकडे बघायला लागल्या. झाडाला तेव्हा शेंगा नव्हत्या.

मी परत आत आले. कोणाची पोरगी, कोणासाठी? गावात सासूबाईंचे पुतणे होते, लग्नाचे. त्यांच्यासाठीही असेल. मी स्वतःला तसंच सांगितलं. पण त्या रात्रीपासून नवरा उशिरा आला की त्याच्या शर्टाकडे बघायची मला सवय लागली.

दुसरं रवण होळीच्या सुमाराला बसवलं. या वेळी अंडी कुठून आली, मला दिसलंच नाही. रोज सकाळी सासूबाई माझ्याआधी उठून बदकांची अंडी गोळा करायच्या. आपल्या भाजीसाठी म्हणून एखादं माझ्या हातात ठेवायच्या, बाकीची नाहीशी. मग एक दिवस कोंबडी टोपलीत बसलेली आणि तिच्याखाली भरपूर अंडी. काही दिवसांनी संध्याकाळी दिवे लागायच्या आधी त्या मोरीत बसल्या, हातात एकेक अंडं धरून, मागून बॅटरी मारून बघायला लागल्या. दार लोटलेलं होतं, पण फट होती. अंडं उजेडात नुसतं पिवळं दिसत होतं. जीव धरला असेल तर आत तांबड्या शिरा दिसतात, कोळ्याच्या पायांसारख्या. त्या नव्हत्या. त्यांनी एक अंडं ठेवलं, दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग बॅटरी बंद करून अंधारातच बसून राहिल्या.

त्या रवणातून एकही पिल्लू निघालं नाही.

"नर म्हातारो झालो असतलो," नवऱ्यासमोर त्या म्हणाल्या. "तेका काढूया. दुसरो आणूया."

नवरा जेवत होता. "आणू या ना. वर्सोव्याला माझ्या ओळखीचा एक आहे, त्याच्याकडे बदकं आहेत."

मी भात वाढत होते. माझा हात थांबला. किती सहज बोलत होती दोघं. नरात दोष असेल, बदलू या. मला या सहा वर्षांत दोन डॉक्टर, एक वैद्य आणि गावातला एक भगत दाखवून झाला होता. त्याला एकदाही कोणी कुठे नेलं नव्हतं. पण तेव्हा मी नुसता भात वाढला.

एप्रिल आला आणि घरात वास सुटला. आधी थोडा, दुपारी जास्त. कुजका, गंधकासारखा, नाकात चिकटून राहणारा. सगळ्यांना वाटलं उंदीर मेला. नवऱ्याने कपाट सरकवलं, मी मोरीची जाळी काढून धुतली, शेजारणीने येऊन हुंगून सांगितलं की वास वरून येतोय. आमच्या खोलीला पोटमाळा होता, त्यावर सिमेंटचे पत्रे. तिथे जुन्या गाद्या आणि सासूबाईंची लालबागहून आणलेली पत्र्याची ट्रंक होती.

"मी वर जाऊन बघते," मी म्हटलं.

"नको. मी बघतंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखायचे. आमच्या समोर त्या शिडीला कधी हात लावायच्या नाहीत. त्या वर गेल्या, लगेच खाली आल्या. "पत्र्यावर उंदीर मेलो आसा. सुकात तेवा वास जायत."

वर जाऊन त्यांनी पत्र्याच्या वर कसं बघितलं? शिडीच्या खालच्या पायरीवरून मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी फक्त ट्रंकेच्या झाकणावर हात ठेवला आणि परत आल्या.

त्या ट्रंकेला कुलूप होतं. किल्ली त्यांच्या कमरेला. मला आठवायला लागलं की गेले काही आठवडे मी कामावरून आले की शिडी कधी या भिंतीला, कधी त्या भिंतीला टेकलेली असायची. कोणीतरी वर जात होतं. मी नसताना. मनात काय काय आलं, सगळं सांगत नाही. भगताकडून आणलेलं काही असेल असं वाटलं. माझ्या जुन्या साडीचा तुकडा, माझे केस. कारखान्यातल्या बायका असल्या गोष्टी जेवणाच्या सुट्टीत सांगायच्या आणि मी हसायचे. आता हसू येत नव्हतं.

आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी असायची. त्या शुक्रवारी दुपारी सासूबाई रेशनच्या रांगेत गेल्या आणि मी शिडी लावली. वर डोकं काढलं आणि तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. पत्रे इतके तापले होते की वाकूनसुद्धा डोक्याला धग लागत होती. ट्रंक अगदी पत्र्याखाली होती. झाकणाला हात लावला तो लगेच काढावा लागला. वास तिच्यातूनच येत होता.

मी खाली आले. उंबरठ्यावर बसले. दुसरं काही करायचं नव्हतं. सासूबाई पिशवी घेऊन आल्या, मला तसं बसलेलं बघून थबकल्या.

"काय झाला गो?"

"ट्रंकेत काय आहे?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही. "तू वर गेलंस?"

"गेले. कुलूप आहे. तुम्ही उघडा. आत्ता उघडा. नाहीतर मी हे घर सोडून जाते, आणि तुमच्या बहिणीने बघितलेली पोरगी आणा."

हे शेवटचं मी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. त्यांनाही वाटलं नसावं. त्या पिशवी दारातच टाकून शिडीकडे गेल्या. मी त्यांच्या मागून चढले. पुढे होऊन त्यांनी कुलूप काढलं, पदराने झाकण धरून उघडलं.

आत कोंडा होता. कोंड्यात बदकाची अंडी, निळसर पांढरी, ओळीने, लहान मूल निजवावं तशी. एक फुटून काळं पडलं होतं. मी पदर नाकाला लावला. त्याच वेळी हसूही आलं. अंडी! नुसती अंडी!

"हय कित्याक ठेवलीत?"

घाईत मीही त्यांच्याच बोलीत विचारलं. त्यांनी किल्ली परत कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "माका वाटला, तुझी नजर लागात."

त्यांनी हे तोंडावर सांगितलं म्हणून राग यायला हवा होता. आलाही. पण त्याहून आधी दुसरं काहीतरी सुचलं.

"आई, होळीला बसवलेली अंडी पण इथलीच?"

"हां."

"म्हणजे ती कोंबडीखाली जाईपर्यंत मी बघितलीच नव्हती. माझी नजर त्यांच्यावर पडलीच नव्हती."

त्यांनी ट्रंकेतल्या अंड्यांकडे बघितलं.

"कोंड्यात हात घाला."

त्यांनी हात घातला, खोल, अंड्यांपर्यंत, आणि चटकन बाहेर काढला. कोंडा तापला होता. आतली अंडी हातात धरवत नव्हती. इथे जीव धरेल? धरला तरी टिकेल? रोज दुपारी शिजायचं, रोज रात्री गार व्हायचं. त्या मालवणात वाढलेल्या, कोंबडीची अंडी त्यांनी आयुष्यभर सांभाळली होती. पण तिथे घर कौलारू, पडवी गार. सिमेंटच्या पत्र्याखाली चोर-उंदरांपासून आणि सुनेपासून राखून ठेवलेली अंडी उन्हापासून कोण राखणार?

खाली आल्यावर मी फळीवरचं त्या दिवशीचं अंडं घेतलं, भाजीसाठी मला दिलेलं, आणि बशीत फोडलं. उजेडात धरलं. पिवळ्यावर पांढरा ठिपका, आणि भोवती कडं. बांगडीसारखं, अगदी स्पष्ट.

"नर चांगला आहे," मी म्हटलं. "म्हातारी सांगून गेली होती. तुम्ही ऐकलं नाहीत."

सासूबाई बशीवर वाकून बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी बशी उचलून माझ्या हातात दिली. "भाजी कर तेची. वाया घालवू नको."

बस्स. माफी वगैरे काही नाही.

पण विचारलं मात्र त्यांनीच, संध्याकाळी, भांडी घासताना, पाठमोऱ्या बसून. "मग खंय ठेवची?"

आमच्या मोरीच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि माठ असायचे, ती जागा दिवसभर गार राहायची. तिथे एक रुंद तोंडाचं मडकं ठेवलं, त्यात कोरडी वाळू. अंडी निमुळतं टोक खाली करून त्यात रोवायची. धुवायची नाहीत, लागलेली माती काथ्याने कोरडीच पुसायची. त्या पूर्वी नळाखाली घासून लख्ख करायच्या, ते बंद झालं. आठवड्याहून जुनं अंडं रवणाला नाही. ते पाण्यात टाकून बघायचं, तरंगलं तर फेकायचं, बुडालं तर खायचं.

यातलं थोडं म्हातारीने सांगितलेलं होतं, थोडं कारखान्यात औषधं गार जागी ठेवतात ते बघून मला सुचलेलं. सासूबाईंनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक अंड्यावर कोळशाची खूण. एका बाजूला रेघ.

"हे काय?"

"काय नाय. वळखूक."

मी अंडी बदलीन, असं त्यांना वाटत होतं. एवढं सगळं झाल्यावरही! पण अंडी रोज हाताने फिरवायची असायची, आणि त्या रेघेमुळे कोणतं अंडं फिरवलं आणि कोणतं राहिलं हे बरोबर कळायला लागलं, त्यामुळे मी ती पुसली नाही.

तिसरं रवण बसलं. तीन आठवडे झाले, कोंबडीच्या हिशेबाने पिल्लं निघायची वेळ झाली, आणि काही हललं नाही. सासूबाईंचे डोळे परत माझ्या मागे मागे फिरायला लागले. "बदकाला आणखी आठवडा लागतो," मी सांगितलं. त्यांनी 'हां' म्हटलं, तेच जुनं. चौथा आठवडा संपत आला तसा माझाही धीर सुटला होता. खरं सांगते, मीही स्वतःकडे संशयाने बघायला लागले होते. हात धुतल्याशिवाय कोंबडीजवळ जात नव्हते.

एका सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली. बाहेरून, मोठ्याने. मी धावत गेले. कोंबडीच्या पंखाखालून एक पिवळी चोच बाहेर आली होती, चपटी, ओली. दुपारपर्यंत सहा झाली. चार अंडी उरली ती तशीच राहिली. कोंबडी आपल्या पिल्लांच्या पायांकडे बघून गोंधळली होती. पिल्लं घमेल्यातल्या पाण्यात शिरली तेव्हा ती काठावर उभी राहून ओरडत होती, आणि सासूबाई तिच्याकडे बघून इतक्या हसल्या की दगडावर बसल्या.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "नर तपासला, अंडी तपासली, मला तर सहा वर्षं तपासताय. आता एकच राहिलंय."

त्याला कळायला क्षण लागला. मग तो ताटावरून उठला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या झिलात काय्येक दोष नाय," आणि मी म्हटलं, "नसेल ना. मग दाखवायला काय जातं?" यावर त्या उठून मागीलदारी गेल्या, आणि बहुतेक त्याला तेच जास्त लागलं. महिन्याभराने तो स्वतःहून गोरेगावच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून साध्या शब्दांत सांगितलं की अडचण त्याच्याकडे आहे, औषध घेऊन बघू, पण आशा फार धरू नका.

रिक्षात तो बाहेर बघत होता. मी ठरवलं होतं, घरी काही बोलायचं नाही. पण दारात चप्पल काढता काढताच तो म्हणाला, "आई, माझ्यात आहे. तिच्यात नाही."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "डॉक्टर खोटा सांगता," त्या म्हणाल्या. मग तांदळातला एक खडा फेकून, "तेका कोणी शिकवल्यान काय?" आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली. त्यांनीच डोळे खाली घेतले.

औषधं झाली. मूल झालं नाही. हे आता सहज सांगते, पण तेव्हा फार काळ सांगता येत नव्हतं.

पावसाळ्यानंतर कुर्ल्याची मावसबहीण आली. मी मागीलदारीच होते, बदकांना कोंडा भिजवून घालत होते. यावेळी मला बघून तिने विषय बदलला नाही, उलट मुद्दामच आवाज चढवला. "काय मग, अजून काय नाय?"

"नाय," सासूबाई म्हणाल्या. "आणि परत विचारू नको. दोष माझ्या झिलात आसा. हिच्यात नाय."

मावसबहिणीने चहा अर्धाच घेतला. ती गेल्यावर मी विचारलं. इतके महिने मनात घोळलेलं, शेवटी साधंच बाहेर पडलं. "त्या वेळी तुम्ही खरंच पोरगी बघितली होती?"

सासूबाईंनी कपबशी उचलली. माझ्याकडे सरळ बघितलं.

"होय. बघलंय होतंय. खोटा कित्याक सांगू?"

मला वाईट वाटलं. पण हायसंही वाटलं, हे कोणाला पटणार नाही. इतके महिने मी वेडी आहे की काय अशी शंका होती, ती तरी गेली. मी कपबशी त्यांच्या हातून घेतली आणि धुवायला गेले. त्यानंतर त्या कोणाशी हळू आवाजात बोलताना दिसल्या की मी थेट जाऊन विचारायचे, "काय चाललंय?" आणि त्या सांगायच्या. बहुतेक वेळा खरं.